वाचक विचारतात : क्रूझचे पॉइंट, जप्त झालेली इस्त्री आणि सात भोंगे

दोन अंकांपूर्वी क्रूझबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या काय आणि प्रश्नांचा असा पाऊस पडला की बाकीचे विषय सरळ पुढच्या महिन्यावर ढकललेत. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यामुळे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेवढेच घेतेय.

ताई, आम्ही नवरा-बायकोने आतापर्यंत तीन क्रूझ केल्या, तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या. मित्र म्हणतो वेडे आहात, एकाच कंपनीला धरून राहा, पॉइंट साठले की सगळं फुकट मिळतं. खरंच इतकं मिळतं का?

मित्राला आधी विचारा तो स्वतः किती रात्री जहाजावर झोपलाय, कारण सगळा हिशोब रात्रींचा आहे. रॉयल कॅरिबियन कंपनीचं घ्या, नेहमीच्या प्रवाशांसाठी असलेल्या त्यांच्या क्लबचं नाव क्राउन अँड अँकर सोसायटी. साध्या केबिनमध्ये एका रात्रीला एक पॉइंट, स्वीट म्हणजे मोठी, महागडी केबिन घेतलीत तर दोन. ३ पॉइंटला गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल. आता तुम्ही वर्षातून एक सात रात्रींची क्रूझ करताय असं धरा, म्हणजे डायमंडला पोचायला बारावं वर्ष उजाडेल, आणि पिनॅकलला बरोब्बर शंभर वर्षं. घ्या करून!

आणि खालच्या पायऱ्यांवर जे मिळतं ते म्हणजे थोडी सवलत, एखादं कूपन, असलंच. मजा डायमंडपासून सुरू होते, तिथे रोजची चार ड्रिंक तुमच्या जहाजाच्या कार्डावर फुकट पडतात. जो रोज दोन-तीन ड्रिंक घेणारच आहे त्याचा ड्रिंक पॅकेजचा, म्हणजे सगळ्या ड्रिंकसाठी एकरकमी भरायचा, खर्च वाचतो, आणि जो पीतच नाही त्याला कॉफी-ज्यूसवर समाधान मानावं लागतं. एक चांगली गोष्ट म्हणजे एकाच पत्त्यावर राहणाऱ्या जोडप्याला दोघांपैकी ज्याची पायरी वरची ती मिळते, आणि लहान मुलांना आई-बापाची, त्यामुळे हे क्लब कुटुंबाला जरा बरे पडतात.

प्रिन्सेस कंपनीचा हिशोब वेगळा आहे आणि मला तो जास्त आवडतो. तिथे सगळ्यात वरच्या एलिट पायरीला पोचायला एकतर १५ क्रूझ पूर्ण करा नाहीतर १५० दिवस, जे आधी होईल ते. म्हणजे तीन-चार रात्रींच्या छोट्या क्रूझ करणारा माणूस लांबलचक प्रवास करणाऱ्याच्या आधी वर चढू शकतो, आणि हे ओळखून मुद्दाम छोट्या क्रूझ गोळा करणारी मंडळी आहेत बरं का. एलिटवाल्यांना मिळतं काय, तर कपडे धुऊन मिळतात. ऐकायला किरकोळ वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण एकदा माझ्या शेजारच्या केबिनमधल्या आजी बारा दिवसांच्या प्रवासाला एक हातातली बॅग घेऊन आल्या होत्या, रोज सकाळी धोब्याची पिशवी भरून केबिन अटेंडंटकडे द्यायच्या, एक-दोन दिवसांत सगळं घड्या घालून पलंगावर हजर, आणि मी मात्र बाथरूमच्या त्या वीतभर दोरीवर मोजे वाळत घालतेय. तेव्हापासून मला विचाराल तर फुकट ड्रिंकपेक्षा फुकट लाँड्री लाखमोलाची.

आता मुद्द्याचं. पॉइंटसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. आधी रूट बघा, मग जहाज, मग तारीख, आणि हे सगळं दोन कंपन्यांचं सारखंच असेल तरच पॉइंटकडे बघा. कारण नियम कंपनीच्या हातात असतात. कार्निव्हल कंपनीचंच बघा ना, इतकी वर्षं दिवसाला एक पॉइंट, ७५ ला प्लॅटिनम, २०० ला डायमंड असं सरळ गणित होतं, आणि २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आता नवीन प्रोग्राम आणतोय, त्यात किती दिवस आलात यापेक्षा किती खर्च केलात ते मोजणार. ज्यांनी इमानेइतबारे दिवस मोजत आणले होते त्यांचा जो काही तिळपापड झाला!

तुमच्या तीन कंपन्यांचं म्हणाल तर सगळंच वाया गेलेलं नाही. एमएससी ही कंपनी दुसऱ्या क्रूझ कंपन्यांची, एवढंच काय हॉटेलच्या क्लबचीही पायरी बघून आपल्याकडे तशीच पायरी देते, फक्त आधी अर्ज करायचा. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी या एकाच घरच्या, त्यामुळे एकीकडची पायरी दुसरीकडे चालते. तुमच्या तिघींपैकी दोघी बहिणी बहिणी निघाल्या तर मित्राला कळवा.

शेअर घेतले की क्रूझवर पैसे मिळतात असं ऐकलं, ही थाप आहे का?

थाप नाही. कार्निव्हल कॉर्पोरेशन आणि रॉयल कॅरिबियन, दोन्हीकडे किमान १०० शेअर असले तर प्रत्येक प्रवासाला ऑनबोर्ड क्रेडिट मिळतं, म्हणजे जहाजावरच्या बिलातून तेवढी रक्कम वजा. जितका लांबचा प्रवास तितकी जास्त. पण आपोआप मिळत नाही, शेअर असल्याचा पुरावा निघायच्या आधी पाठवावा लागतो आणि लोक नेमकं तेच विसरतात. आणि फक्त ह्यासाठी शेअर घेऊ नका हो, शेअर पडला तर क्रेडिटच्या कितीतरी पट जाईल.

जहाजावरच्या कसिनोकडून फुकट क्रूझची ऑफर आलीये. घेऊ का?

घ्या, पण फुकट म्हणजे फक्त केबिनचं भाडं. टॅक्स, बंदराचे चार्जेस आणि रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप, तुमच्याच खिशातून. आणि ही ऑफर का आली ते तुम्हाला माहिती आहेच, मागच्या वेळी किती वेळ आणि किती रकमेने खेळलात ते कार्डावर सगळं नोंदलंय. त्यांना वाटतंय तुम्ही परत तेवढंच खेळाल.

बोर्डिंगच्या वेळी माझा सर्ज प्रोटेक्टर (जादा व्होल्टेजपासून वाचवणारा प्लगचा बोर्ड) काढून घेतला आणि बायकोची प्रवासी इस्त्रीपण. बॉम्ब असल्यासारखे वागले. केबिनमध्ये दोन प्लग, आमचे फोन चार. हा काय जाच आहे?

तुमचा राग समजतो, माझी पण एक इस्त्री अशीच गेली होती. संध्याकाळी केबिनच्या दारात सगळ्यांच्या बॅगा आल्या, माझी नाही, शोधत शोधत खाली गेले तर एका खोलीत वीस-पंचवीस बॅगा रांगेत आणि त्यांचे मालक शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यासारखे शेजारी. नेहमीचे प्रवासी तिला नॉटी रूम म्हणतात. बॅग उघडा, वस्तू दाखवा, पावती घ्या, उतरताना परत मिळेल. मी इतकी ओशाळले की विचारू नका.

पण कारण ऐका, पटेल. इस्त्रीचं सरळ आहे, तापते, विसरली तर आग, आणि समुद्राच्या मधोमध आग लागली तर फायर ब्रिगेड कुठून येणार, जहाजावरचे लोकच विझवणार. म्हणून इस्त्री, किटली, मेणबत्ती, कपड्यांचा स्टीमर सगळं बंद. सर्ज प्रोटेक्टरचं जरा वेगळं आहे. घरी दोन तारांपैकी एकीत करंट असतो आणि दुसरी न्यूट्रल. जहाजावरची वायरिंग बहुतेक वेळा अशी नसते, तिथे दोन्ही तारा जिवंत असतात. साधा सर्ज प्रोटेक्टर घरच्या वायरिंगसाठी बनवलेला, तो एकच तार तोडतो, दुसरी तशीच चालू राहते, आणि आतला भाग तापून पेट घेऊ शकतो. म्हणजे जे यंत्र घरी वाचवायला ठेवतो तेच इथे आग लावू शकतं.

मग चार फोन कसे चार्ज करायचे? एका प्लगमध्ये बसणारा, वायर नसलेला, फक्त यूएसबीची भोकं असलेला चार्जर न्या, तो बहुतेक कंपन्यांना चालतो. एक्स्टेन्शन कॉर्ड काही ठिकाणी चालते काही ठिकाणी नाही, आणि हे नियम मधेच बदलतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात कंपनीची बंदी असलेल्या वस्तूंची यादी एकदा वाचाच. जाता जाता, केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर लोखंडी असतात, लोहचुंबकाचे आकडे न्या, टोप्या, ओले स्विमसूट, कार्डं सगळं लटकतं आणि ह्याला कोणी हरकत घेत नाही.

प्रत्येक क्रूझला तीच ती मस्टर ड्रिल, संकटात कुठे जमायचं त्याची तालीम. सासरे म्हणतात आपण केबिनमध्येच बसून राहू, कोण बघतंय. खरंच कोणी बघतं का?

बघतात. प्रत्येकाचं कार्ड स्कॅन होतं, कोण आलं नाही त्याची यादी निघते, आणि तरीही कोणी टाळत राहिलं तर त्याला सामानासकट उतरवायचा अधिकार जहाजाला आहे. सासऱ्यांना नियम सांगून उपयोग होणार नाही, त्यांना गोष्ट सांगा.

१३ जानेवारी २०१२ ची रात्र, कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज इटलीच्या जिलियो बेटाजवळ खडकावर आपटली आणि कलंडली, ३२ माणसं गेली. त्या वेळचा नियम होता की प्रवासी चढल्यापासून २४ तासांच्या आत ड्रिल झाली की बास. आणि त्याच संध्याकाळी जे प्रवासी चढले होते त्यांची ड्रिल झालीच नव्हती, ती दुसऱ्या दिवशी ठरलेली. अंधारात, तिरक्या जहाजावर, लाइफ जॅकेट कुठे, जायचं कुठे, काही माहिती नाही. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ड्रिल जहाज निघायच्या आधी किंवा निघताक्षणी घ्यावीच लागते. हा नियम असा आलाय, कोणाला कंटाळा आणायला नाही.

आणि आता ती पूर्वीसारखी राहिलीय कुठे? २०२० नंतर बऱ्याच कंपन्यांनी नवी पद्धत आणली, फोनवर किंवा केबिनच्या टीव्हीवर व्हिडिओ बघा, मग आपल्या ठरलेल्या जागी जाऊन कार्ड स्कॅन करून या, पाच-दहा मिनिटांचं काम. सासऱ्यांना एकच पाठ करायला लावा, सात छोटे भोंगे आणि एक लांब. तो आवाज आला की जे हातात असेल ते टाकायचं आणि मस्टर स्टेशनला, म्हणजे त्या ठरलेल्या जागी, जायचं, बॅग घ्यायला केबिनमध्ये परतायचं नाही.

आमच्या बाल्कनीचे पैसे आम्ही भरतो, मग तिथे सिगारेट का नाही?

कारण २३ मार्च २००६. स्टार प्रिन्सेस हे जहाज जमैकाच्या दिशेने चालली होती, पहाटे एका बाल्कनीत आग लागली, तपासात निष्कर्ष निघाला की बहुतेक न विझवता टाकलेल्या सिगारेटचं थोटुक. बाल्कन्यांमधल्या पार्टिशन आणि फर्निचरच्या प्लॅस्टिकने आग वर-खाली, आजूबाजूला पसरत गेली, एक प्रवासी धुराने गेला. थोटुक खाली समुद्रात टाकलं तरी वाऱ्याने ते खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीत जाऊन पडतं. आता बहुतेक कंपन्यांत बाल्कनीत ओढताना सापडलात की घसघशीत दंड थेट केबिनच्या बिलात. ठरवून दिलेल्या डेकवर जा.

एकाने ड्रिंक पॅकेज घ्यायचं आणि दोघांनी प्यायचं, जमतं का?

नाही जमत. तुमच्या आधी लाखभर लोकांना ही आयडिया सुचलीये. म्हणूनच रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलमध्ये एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. कार्निव्हलच्या पॅकेजला तर दिवसाला १५ दारूच्या ड्रिंकची मर्यादाही आहे. १५ पुरत नसतील तर हा प्रश्न माझ्याकडे नको, डॉक्टरकडे न्या.

बायको पाचव्या महिन्यात आहे. तिकीट काढू का?

तारखा मोजून काढा. क्रूझ *संपते* त्या दिवसापर्यंत २४ वा आठवडा लागत असेल तर बहुतेक मोठ्या कंपन्या चढूच देत नाहीत, आणि डॉक्टरची चिठ्ठी दाखवली तरी नाही. लोक निघायच्या दिवशीचा आठवडा मोजतात आणि बंदरावरून परत येतात. आणि बाळ झाल्यावर लगेच जायचा बेत असेल तर तेही ऐका, साध्या प्रवासाला बाळ किमान सहा महिन्यांचं लागतं आणि महासागर ओलांडणाऱ्या प्रवासाला एक वर्षाचं.

बंदरावर फिरताना उशीर झाला तर जहाज थांबतं का?

कंपनीकडून घेतलेल्या सहलीत असाल आणि बसच उशिरा आली तर थांबतं, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवायची सोय कंपनी करते. स्वतःचे स्वतः फिरत असाल तर नाही. कॅप्टन थोडा वेळ ताणेल, नावं पुकारली जातील, आणि मग गँगवे, म्हणजे चढायचा पूल, वर ओढला जाईल. डेकवर उभं राहून धावत येणाऱ्यांना टाळ्या वाजवणारे लोक असतात, मी त्यात होते, आता लाज वाटते.

बहुतेक वेळा चूक घड्याळाची असते. जहाजाची वेळ आणि बंदराची वेळ वेगळी असू शकते, फोन किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून गुपचूप स्वतःची वेळ बदलतो आणि आपण तासभर मागे राहतो. हातात साधं घड्याळ घाला, जहाजाच्या वेळेवर लावलेलं. परत यायची वेळ सहसा निघायच्या अर्धा तास आधीची असते, ती केबिनमध्ये येणाऱ्या रोजच्या पत्रकात छापलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा, आणि त्याच पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो तोही. खरंच राहिलातच तर जहाज सुटण्याआधी क्रू तुमच्या केबिनची तिजोरी उघडून पासपोर्ट सापडला तर तो ह्या एजंटकडे देऊन जातात. म्हणून पासपोर्ट बॅगेच्या तळाला मोज्यांत गुंडाळून ठेवू नका, तिजोरीतच ठेवा, म्हणजे त्यांना तो सापडेल.