तीन डाग आणि १४,००० डॉलरचं कोटेशन

वाचकाचं पत्र (थोडक्यात): माझं वय ५२, पगार वर्षाला १,१०,००० डॉलर. गेल्या वर्षी १९७६ सालची जीएमसी मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) १८,००० डॉलरला घेतली. गाडीखाली तेल पडतं. गराजवाला म्हणतो, ‘सगळं एकदाच करून घ्या’, आणि त्याने १४,००० डॉलरचं कोटेशन दिलं आहे. बँकेत ९,००० आहेत, त्यांना हात लावायचा नाही. जुन्या नोकरीतल्या ४०१-के खात्यात (पगारातून कापून होणारी निवृत्तीची बचत) ६८,००० नुसते पडून आहेत. त्यातून काढू की क्रेडिट कार्डावर टाकून हळूहळू फेडू? दुरुस्ती झाली की उन्हाळ्यात गाडी भाड्याने देऊन वर्षाला ६,००० सहज सुटतील. गाडीला ‘वाढीव वॉरंटी’ आहे (महिना १४०), पण ती या कामाला लागू नाही म्हणतात. हा हप्ता, विमा आणि गाडीचं कर्ज मिळून महिन्याला ५५० जातात, म्हणून आठ महिन्यांपासून सध्याच्या नोकरीतली ४०१-केची कपात (मी पगाराच्या ६ टक्के भरले की कंपनी ३ टक्के घालते) बंद ठेवली आहे. सोबत ड्राइव्हवेचा फोटो, कोटेशन आणि वॉरंटीचा करार जोडत आहे.

उत्तर:

नमस्कार. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: दोन्ही नको.

साडेएकोणसाठ वर्षांच्या आत ४०१-केमधून पैसे काढले की १० टक्के दंड. त्यावर तुमच्या उत्पन्नाला फेडरल कर साधारण २२ टक्के आणि राज्याचा ५ धरा. म्हणजे डॉलरमागे ३७ सेंट गेले. हातात १४,००० यायला खात्यातून सुमारे २२,००० काढावे लागतील. काढताना खातं सांभाळणारे २० टक्केच कापून घेतात, त्यामुळे बाकीचा फटका पुढच्या एप्रिलमध्ये बसतो. तेव्हा गाडी दुरुस्त होऊन दारात उभी असते आणि कर भरायला पैसे नसतात. हेच २२,००० तिथेच राहिले आणि वर्षाला ६ टक्क्यांनी वाढले, तर तुम्ही ६७ वर्षांचे व्हाल तेव्हा ५०,००० च्या वर गेलेले असतील. ‘पडून आहेत’ हा शब्द त्या पैशांसाठी वापरू नका. ते कामाला लागलेले आहेत. कार्डावर २४ टक्क्यांनी टाकलं, तर पहिल्याच महिन्याला नुसतं व्याज २८० डॉलर.

पण मी तुमचं पत्र तीनदा वाचलं ते यासाठी नाही. एवढ्या मोठ्या पत्रात एक वाक्य नाही: गळतंय काय आणि कुठून? कोटेशनमध्येही ते नाही. इंजिनाची सगळी सील ४,८००, गियरबॉक्स खोलून बांधणे ४,२००, फायनल ड्राइव्ह (गियरबॉक्सचा जोर चाकांपर्यंत नेणारा भाग) २,२००, रेडिएटर, वॉटर पंप आणि होज १,९००, किरकोळ ९००. ही सुट्या भागांची यादी आहे, निदान नाही. डॉक्टरने न तपासता ‘पोटातलं सगळंच बदलू’ म्हटलं, तर तुम्ही पैसे कुठून आणू असं विचाराल का?

तुमच्या फोटोत तीन डाग आहेत. पुढच्या चाकांच्या मध्ये काळपट तपकिरी, त्याच्या बाजूला लालसर, आणि रेडिएटरखाली कडेला हिरवट झाक असलेला ओला डाग. हे तीन वेगळे द्रव आहेत, म्हणजे तीन वेगळ्या चौकश्या. तपकिरी बहुधा इंजिन ऑइल. लाल बहुधा गियरबॉक्सचं ट्रान्समिशन ऑइल, पण आधीच्या मालकाने पॉवर स्टीअरिंगमध्ये तेच ओतलेलं असेल तर लाल डाग स्टीअरिंगचाही असू शकतो. आधी स्टीअरिंगच्या तेलाची टाकी बघा. पन्नास डॉलरच्या होजसाठी ४,२०० चा गियरबॉक्स खोलायचा नाही. हिरवं ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, वास गोडसर. घरात कुत्रं असेल तर तो डाग आजच धुऊन काढा, कुत्र्याने चाटला तर जिवावर बेततं. फायनल ड्राइव्हचं तेल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. वास फोटोतून कळत नाही, तो तुम्हालाच घ्यावा लागेल.

आता तुमच्या गाडीबद्दल. १९७३ ते १९७८ या काळात बनलेल्या या मोटरहोममध्ये, तुमच्या १९७६ च्या गाडीसकट, पहिली काही वर्षं ओल्ड्समोबीलचं ४५५ क्युबिक इंचांचं, म्हणजे साडेसात लिटरचं व्ही-८ इंजिन होतं. पुढची चाकं ओढणारी गाडी, त्यामुळे इंजिन, गियरबॉक्स आणि फायनल ड्राइव्ह तिघं पुढे एकमेकांना चिकटून बसलेले. एकाचं तेल दुसऱ्याच्या अंगावर ओघळतं. त्यात गाडी चालताना वारा ते मागे फेकतो. जिथून थेंब पडतो ती जागा म्हणजे गळतीची जागा नव्हे. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग शोधायचा असतो.

या इंजिनाची तर एक ठरलेली फसगत आहे. व्हॉल्व्ह कव्हरचं गास्केट किंवा इन्टेक मॅनिफोल्डचं मागचं सील पाझरलं की तेल इंजिनाच्या पाठीवरून उतरत नेमकं गियरबॉक्सच्या जोडापाशी टपकतं. बघणारा म्हणतो, रिअर मेन सील (इंजिनाच्या मागच्या टोकाचं सील) गेलं. माझ्या स्वतःच्या जुन्या व्हॅनचं असंच झालं. गियरबॉक्स उतरवला, सील बदललं, २,१०० डॉलर दिले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डाग त्याच जागी. गेलं होतं व्हॉल्व्ह कव्हरचं गास्केट, ४० डॉलरचं. गराजवाला लबाड नव्हता. मीच त्याला ‘सील बदला’ म्हणून सांगितलं होतं, ‘गळती शोधा’ असं नाही.

म्हणून या शनिवारी पहिलं काम पेट्रोल आणि ब्रेक. गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल किंवा ब्रेक ऑइलची पातळी उतरत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि गाडी चालवू नका. सत्तरच्या दशकातल्या रबरी नळ्या आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेल्याच नव्हत्या. त्या जुन्या असतील तर गळायची वाट न बघता बदला. सुटे भाग आधी बदलायला मी सांगतोय ते एवढ्या एकाच ठिकाणी.

मग इंजिन थंड असताना डीग्रीजरने (तेलकटपणा काढणाऱ्या रसायनाने) खालून-वरून धुवा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. सगळ्या पातळ्या लिहून ठेवा. ऑइलमध्ये अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकणारा रंग घाला, दिव्यासकट वीस-तीस डॉलरला मिळतो. अर्धा तास गाडी चालवून आणा, खाली स्वच्छ पुठ्ठा पसरा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनने आखून ठेवा. सकाळी पुठ्ठा बघा, मग अंधारात दिवा घेऊन थेंबापासून वर वर जा. कूलंटसाठी प्रेशर टेस्टर (दाब देऊन गळती दाखवणारं साधन) हवा. सुट्या भागांच्या बऱ्याच दुकानांत तो अनामत ठेवून वापरायला देतात. इंजिन थंड असतानाच लावा आणि रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाच्या वर जाऊ नका. पीसीव्ही व्हॉल्व्हही, म्हणजे इंजिनात साठणारे वायू बाहेर ओढून घेणारी झडप, तपासा. तो तुंबला की इंजिनात दाब साठतो आणि धडधाकट सीलमधूनही तेल बाहेर येतं. दहा-पंधरा डॉलरचा भाग आहे. गियरबॉक्सच्या पॅनचे बोल्ट सैल आहेत का तेही बघा, पण जोर लावून आवळू नका. कॉर्कचं गास्केट त्याने फाटतं.

आणि एक नोंद नक्की ठेवा: गाडी बरेच दिवस उभी असली की टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिन आणि गियरबॉक्स यांना तेलाच्या मदतीने जोडणाऱ्या भागातलं) तेल खाली पॅनमध्ये उतरतं, पातळी नेहमीपेक्षा वर चढते आणि एरवी कोरड्या असलेल्या सीलमधून तेल पाझरतं. लाल डाग फक्त उभ्या गाडीखाली पडत असेल आणि गियर नीट पडत असतील, तर गियरबॉक्स खोलण्याचं कारणच उरत नाही.

स्वतः जमत नसेल तर जुन्या गाड्यांच्या मेकॅनिकला फक्त निदानाचे दोन-तीन तास द्या. सगळं मिळून ४०० डॉलर. ते बँकेतल्या ९,००० मधून घ्या. त्यानंतर जे काम निघेल ते एकेक करून, रोखीने. १४,००० चं कोटेशन तोवर बाजूला ठेवा.

आता ती ‘वाढीव वॉरंटी’. पहिली गोष्ट, ही वॉरंटी नाही. हा वेगळा विकलेला सेवा करार आहे. तुम्ही पाठवलेल्या प्रतीच्या चौथ्या पानावर स्पष्ट लिहिलंय: आधीपासूनचे दोष, सील आणि गास्केट, आणि ‘पाझर’ वगळून. पन्नास वर्षांच्या गाडीचं यातून उरलं काय? ज्याने हे तुमच्या गळ्यात मारलं, त्याला हे पान माहीत होतं. करार रद्द करण्याचं पत्र सोमवारी रजिस्टर्ड टपालाने पाठवा आणि न वापरलेल्या काळाचा परतावा मागा. किती मिळेल ते करारावर आणि तुमच्या राज्याच्या नियमांवर आहे, पण महिन्याचे १४० तर नक्की थांबतील.

भाड्याचे ६,००० विसरा. खासगी गाडीचा विमा भाड्याने दिलेल्या गाडीला सहसा लागू होत नाही. त्यासाठी वेगळा विमा लागेल. साफसफाई, टायर, भर उन्हाळ्यात कुणीतरी अनोळखी माणूस कार्ब्युरेटरची गाडी घेऊन हायवेवर अडकला की त्याचं टोइंग, हे सगळं धरा. निम्मे हाती उरले तरी खूप. ही गाडी तुमच्या हौसेची आहे आणि हौस चांगली आहे. पण तिला गुंतवणूक म्हणू नका.

शेवटचं, आणि मला सगळ्यात जास्त टोचलेलं. तुम्ही पगाराच्या ६ टक्के भरले की कंपनी वर ३ टक्के घालते, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे वर्षाला ३,३००, महिन्याला २७५. आठ महिन्यांचे २,२०० गेले आणि ते परत मिळायचे नाहीत. तुमच्या वाट्याचे ६ टक्के, म्हणजे महिन्याला ५५०, करपूर्व असल्यामुळे कपात पुन्हा सुरू केली तरी हातात येणारा पगार चारशेच्या आसपासच कमी होईल. त्यातले १४० करार रद्द करून सुटले. उरलेल्या २६० साठी गाडीचं कर्ज किती टक्क्यांचं आहे ते मला कळवा. पत्रात तो आकडा नाही. पण कपात सुरू करण्याचा अर्ज त्यासाठी अडवून ठेवू नका, याच पगाराला लागू होईल असा भरा. पुठ्ठ्याचा फोटो पुढच्या आठवड्यात पाठवा, चाकांच्या खुणांसकट.