ब्रेकरचं केस (बाहेरची पेटी) जाड करण्याआधी व्हेंट (वायू बाहेर जाण्याची वाट) बघ

एमसीसीबीचं, म्हणजे मोल्डेड केस सर्किट ब्रेकरचं, केस शॉर्ट-सर्किट टेस्टमध्ये फुटलं की नवीन माणूस आधी भिंत जाड करायला धावतो. तू ते शेवटी कर. शॉर्ट-सर्किटमध्ये आर्क (उघडणाऱ्या संपर्कांमधला विजेचा झोत) हजारो अंशांवर तापतो, हवा फुगते, भिंतींचं प्लास्टिकही वाफ होऊन त्यात भर घालतं. काही मिलिसेकंदांत दाब शिगेला. म्हणून आर्क-च्यूटमागची (आर्क विझवणाऱ्या पत्र्यांच्या कप्प्यामागची) व्हेंट आधी तपास. लहान ठेवलीस तर कव्हर उडेल, वाजवीपेक्षा मोठी केलीस तर तापलेला वायू बाहेर येऊन टर्मिनलांवर फेज-टू-फेज फ्लॅशओव्हर, म्हणजे दोन फेजांमध्ये थेट आर्क.

फुटलेला नमुना टाकू नकोस. तडा कुठून निघाला ते भिंगाने शोध. बहुतेकदा स्क्रूच्या बॉसपाशी (स्क्रू बसतो त्या उंचवट्यापाशी), नाहीतर आतल्या धारदार कोपऱ्यात सापडतो. डीएमसी (केसचं काचतंतू मिसळलेलं मोल्डिंग प्लास्टिक) ठिसूळ, कोपरा माफ करत नाही. तिथे रेडियस (गोलाई) दे. वेल्ड-लाइन (साच्यात प्लास्टिकचे दोन प्रवाह मिळतात ती कमकुवत रेघ) बॉसवर येणार नाही अशी गेटची (साच्यात प्लास्टिक शिरतं त्या तोंडाची) जागा टूलरूमशी भांडून का होईना, ठरवून घे. बेस-कव्हरच्या सांध्यावर काजळीचा पट्टा दिसला, तर वायू तिथूनच निसटतोय. सपाट जोड काढून खाचेचा कर.

आणि आयईसी ६०९४७-२ या ब्रेकरच्या मानकाप्रमाणे आयसीयूला (Icu, म्हणजे कमाल शॉर्ट-सर्किट तोडण्याच्या क्षमतेच्या टेस्टला) 'ओ'नंतर (शॉर्ट-सर्किटवर उघडणं) 'सीओ'ही (शॉर्ट-सर्किटवरच बंद करून पुन्हा उघडणं) असतो. पहिल्या शॉटला टिकलं म्हणून पेढे वाटू नकोस.