सियाचीनवरून दोन्ही सैन्यं खाली का उतरत नाहीत?

तुमचा प्रश्न असा: सियाचीनवर गवताचं पातं उगवत नाही, गोळीपेक्षा थंडीने आणि हिमस्खलनानेच जास्त जवान गेले, तरी भारत-पाकिस्तान दोघंही तिथे ठाण मांडून का बसलेत? आणि आंतरराष्ट्रीय संबंधांच्या सिद्धांतांकडे याचं काही उत्तर आहे का?

आहे. मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवतो. ‘सुरक्षेची कोंडी’ हा भाग आला की दोन मुलांना समोरासमोरच्या बाकांवर उभं करतो. अट एकच: मी ‘तीन’ म्हटलं की दोघांनी खाली उतरायचं, पण एकटा जो वर राहील त्याला दोन्ही बाक मिळतील. दरवर्षी तेच होतं. एक, दोन, तीन... दोघंही गुडघे वाकवतात, एकमेकांच्या पायांकडे बघतात आणि दोघंही वरच. वर्गात हशा पिकतो. त्यांचं भांडण वगैरे काही नसतं, पुष्कळदा एकाच खोलीत राहणारी पोरं असतात.

आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक जॉन हर्झ यांनी १९५० मध्ये या कोंडीला नाव दिलं. देशांच्या डोक्यावर कुणी पोलीस नाही. त्यामुळे मी बचावासाठी जे करतो ते शेजाऱ्याला हल्ल्याची तयारी वाटतं, मग तोही तेच करतो, आणि शेवटी दोघांचीही झोप उडते. १९७८ मध्ये याच विषयाचे अभ्यासक रॉबर्ट जर्व्हिस यांनी पुढचं विचारलं: ही कोंडी कुठे सैल असते आणि कुठे गळ्याशी येते? आधी हात मारणाऱ्याचा फायदा जिथे मोठा, तिथे ती गळ्याशी येते.

आता सियाचीन बघा. १९४९ च्या कराची करारात युद्धविरामाची रेषा एका ठिकाणापर्यंत नेली आणि पुढे फक्त ‘तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत’ एवढंच लिहून ठेवलं. वर मरायला कोण जाणार, असाच हिशेब असावा. सिमला करारानंतर १९७२ मध्ये नियंत्रण रेषा आखली, तीही नकाशावरच्या एनजे ९८४२ या बिंदूपाशी, हिमनदीच्या अलीकडेच थांबली. आळसाने सोडलेल्या त्या एका ओळीची किंमत आपण अजून मोजतोय. पुढे पाकिस्तान परदेशी गिर्यारोहकांना तिकडचे परवाने देऊ लागला. काही परदेशी नकाशांत ती रेषा थेट काराकोरम खिंडीपर्यंत ओढलेली दिसली, म्हणजे सियाचीन पाकिस्तानच्या बाजूला. मग १९७८ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार आपली तुकडी घेऊन हिमनदीवर गेले. एकाचं प्रत्येक पाऊल दुसऱ्याला डाव वाटत गेलं. बर्फातले कपडे दोघांनी लंडनच्या एकाच व्यापाऱ्याकडे मागवले आणि त्यावरून आपल्याला पाकिस्तानच्या तयारीचा सुगावा लागला, असा किस्साही सांगतात. १३ एप्रिल १९८४ ला ‘मेघदूत’ मोहीम सुरू झाली आणि पाकिस्तानी तुकड्या येईपर्यंत हिमनदीच्या पश्चिमेला असलेल्या साल्तोरो डोंगररांगेच्या धारेवरच्या खिंडी आपल्या हातात होत्या. पाकिस्तानी सैन्य खरं तर सियाचीन हिमनदीवर नाहीच, ते साल्तोरोच्या पश्चिमेकडच्या उतारावर, आपल्या खाली आहे. टीव्हीवरच्या चर्चेत हे क्वचितच कुणी सांगतं.

वर असणं म्हणजे काय, हे मला माझ्या एका मावसकाकांमुळे कळलं. ते तिथे चौकीवर राहून आलेत. संत्रं दगडासारखं व्हायचं, म्हणाले, स्टोव्हजवळ ठेवल्याशिवाय खाता यायचं नाही. रॉकेलच्या धुराने थुंकीसुद्धा काळी. दहा पावलं चाललं की थांबायचं. अशा ठिकाणी वर बसलेल्याला खालून हुसकावणं किती अवघड, याचा दाखला १९८७ चा आहे. सुमारे २१ हजार फुटांवरची पाकिस्तानची ‘कायद’ चौकी घ्यायला नायब सुभेदार बाणा सिंग आणि त्यांचे साथीदार बर्फाच्या उभ्या भिंतीवरून चढले. त्यांना परमवीर चक्र मिळालं, चौकीला त्यांचं नाव मिळालं. सोडलेलं शिखर परत घ्यायचं तर असे बाणा सिंग लागतात, आणि ते दर वेळी मिळतीलच असं धरून कुठलाच सेनापती सही करत नाही.

तरी जून १९८९ मध्ये दोन्ही देश सैन्य खाली घेण्याच्या तोडग्याच्या अगदी जवळ आले होते. तेव्हापासून सगळं अडलंय ते एका कागदावर. भारत म्हणतो, आज कोण कुठे आहे ते नकाशावर नोंदवून सही करा, मग उतरू. पाकिस्तान म्हणतो, सही केली तर तुमचा १९८४ चा कब्जा मान्य केल्यासारखं होईल. एका वर्षी माझ्या वर्गातल्या मुलीने बाकावर आपल्या पायांभोवती खडूने रेघ ओढली आणि म्हणाली, “सर, आधी यावर त्याची सही घ्या.” तिला तोवर सियाचीनबद्दल मी एक अक्षर शिकवलं नव्हतं!

मग १९९९ आलं. कारगिलच्या उंच चौक्या हिवाळ्यात रिकाम्या ठेवायची रीत होती. त्याच रिकाम्या चौक्यांत पाकिस्तानी सैनिक येऊन बसले आणि त्यांना खाली उतरवताना आपले पाचशेच्या वर जवान गेले. त्यानंतर दिल्लीत ‘चौकी रिकामी करा’ म्हणणं कुणालाही सोपं राहिलं नाही. एप्रिल २०१२ मध्ये सियाचीनजवळच्या गयारी तळावर हिमस्खलनाखाली पाकिस्तानची १४० माणसं गाडली गेली. त्यांचे लष्करप्रमुख कयानी स्वतः तोडग्याची भाषा बोलले, जूनमध्ये चर्चाही झाली, हाती काही लागलं नाही.

उपग्रहांनी नजर ठेवता येईल, असं काही जण सुचवतात. कुणी चढलं तर उपग्रह दाखवेल हे खरं, पण त्याला उतरवणार कोण?

वास्तववादाची, म्हणजे ‘देश फक्त स्वतःची सुरक्षा आणि ताकद बघतात’ असं मानणाऱ्या सिद्धांताची, पुस्तकं वाचून ‘म्हणजे काहीच होऊ शकत नाही’ असा निष्कर्ष मात्र काढू नका. नोव्हेंबर २००३ च्या युद्धविरामानंतर सियाचीनवरच्या तोफा गप्प झाल्या त्या गप्पच आहेत. तिथे ना परस्पर विश्वास वाढला होता, ना नकाशावर सही झाली होती. फरक एवढाच की समोरच्याने गोळी झाडली तर आपणही त्याच मिनिटाला झाडू शकतो, म्हणून बंदूक खाली ठेवायला फारसा धीर लागत नाही. शिखर सोडलं की ते त्याच मिनिटाला परत मिळत नाही.