आधी पोरांना वेळेवर झोपव, मग बाकीचं बोलू

"ताई, कुठून सुरुवात करू तेच कळत नाही," असं लिहून तू पुढे चांगलं ऐसपैस पत्र लिहिलं आहेस, ते बरं केलंस. चार वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा, पूर्ण वेळ नोकरी, नवऱ्याचं ऑफिस लांब, आणि परदेशात हाकेच्या अंतरावर आपलं म्हणावं असं कुणी नाही. मुलगी संध्याकाळी घरी आली की "बूट काढण्यावरून रडते, जेवताना रडते, अंघोळीला चल म्हटलं की रडते". मुलगा कडेवरून उतरायला तयार नाही. धुतलेल्या कपड्यांचा ढीग खुर्चीवरून पलंगावर आणि पलंगावरून पुन्हा खुर्चीवर. मुलीला मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर, "पोरगी वाळली का गं?" आणि सगळ्यात शेवटी, "मी आई म्हणून कमी पडतेय का?"

अगं, ही सगळी गाऱ्हाणी मला नवी नाहीत. आपण सगळ्याच यातून गेलोय. पण मधेच एक ओळ तू सहज टाकून पुढे गेली आहेस: "साडेदहापर्यंत दोघं झोपतात, मग मी लॅपटॉप उघडते." घोडं इथेच पेंड खातंय.

नेहमीच्या वाचकांना माझं हे वेड ठाऊक आहे. पत्र कशाबद्दलही असो, बाई शेवटी झोपेवर येणार, असं आमच्या घरचेही म्हणतात. म्हणोत बापडे. तू जरा माझ्याबरोबर हिशेब कर.

मुलीला सकाळी पावणेसातला उठवतेस, "अक्षरशः पांघरुणातून ओढून काढते" हे तुझेच शब्द. साडेदहा ते पावणेसात म्हणजे सव्वाआठ तास. पाळणाघरात दुपारी तासभर झोपते, तो धरून सव्वानऊ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून १० ते १३ तास सांगितले आहेत आणि एक-दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये दिलेले आकडेही हेच. म्हणजे तुझी लेक किमान मर्यादेच्याही पाऊण तास मागे. धाकटा दुपारी दीड तास झोपतो म्हणतेस, त्याचे सगळे मिळून पावणेदहा होतात. तो सव्वा तास मागे. आणि ही तूट रोजची, सोमवारी पडली आणि मंगळवारी भरून निघाली असं होत नाही.

मोठ्या माणसाची झोप झाली नाही की ते पेंगतं. लहान मूल उलट चेकाळतं. घरभर धावतं, किंचाळतं, सोफ्यावरून उड्या मारतं, आणि आपण म्हणतो, याला झोपच आलेली नाही! राग आवरणं, वाट बघणं, "नाही" ऐकून घेणं ही कामं ज्या मेंदूच्या पुढच्या भागाची, तो या वयात तसाही कच्चा असतो. झोप अपुरी पडली की तोच आधी ढेपाळतो. मग बुटाचा पट्टा निघाला नाही एवढंसं कारणही रडायला पुरतं. तू त्या बुटांचा फार विचार करतेस. बुटांचा काही दोष नाही.

माझा नातू त्या वयाचा होता तेव्हा सातच्या सुमारास त्याचा हात कानाकडे जायचा. पाळी ओढत बसायचा, तोंड अर्धवट उघडं, नजर कुठेतरी भिंतीला लागलेली. आमची सून ती खूण बरोबर ओळखायची आणि हातातलं काम टाकून त्याला उचलायची. माझ्या मुलाचं म्हणणं वेगळं, "खेळतोय ना शांत, खेळू दे की थोडा वेळ." ती एखाद्या दिवशी घरी नसली की हा थोडा वेळ खेळू द्यायचा. मग तेच ध्यान घरभर गाडी ढकलत आरडाओरडा करत फिरायचं, आणि दहापर्यंत त्याला झोपवून दाखवायची कुणाची टाप नव्हती. ती वेळ एकदा चुकली की चुकलीच. तुझ्या पोरांचीही असणार अशी एखादी खूण. डोळे चोळणं असेल, अंगठा असेल, एकदम गप्प होणं असेल. चार दिवस नीट बघ, सापडेल.

आता तुझी खरी अडचण. "हे सव्वाआठला येतात, तेवढाच वेळ त्यांना मुलांबरोबर मिळतो. लवकर झोपवलं तर बापलेकांची भेटच होणार नाही." ही अडचण मला मान्य आहे, तिच्यावर तू काढलेला तोडगा मान्य नाही. सव्वाआठ ते साडेदहा चालतं काय, तेही तूच लिहिलं आहेस: आधी बाबांच्या पाठीवर घोडा घोडा, मग सगळ्यांचं जेवण, मग टॅबवर कार्टून, "म्हणजे मला ओटा आवरता येतो". म्हणजे झोपायच्या वेळी आधी दंगा, मग भरल्या पोटी उजेड. संध्याकाळच्या प्रखर उजेडाने मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दबतं, हे आता सगळे जाणतात. लहान मुलांवर हा परिणाम आपल्यापेक्षा जास्त होतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या आणि भिंग स्वच्छ असतं, त्यामुळे तोच दिवा त्यांच्या डोळ्यांत जास्त उजेड पाडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत चार वर्षांच्या मुलीला दिवसभरात तासाभराच्या वर टीव्ही-टॅबचा पडदा नको म्हटलंय, आणि दीड वर्षाच्याला तर नाहीच.

बापाला सकाळ दे. आमच्याकडे तेच केलं. हे रात्री उशिरा यायचे, तेव्हा सकाळ यांची ठरली: उठवणं, दात, कपडे, सोडायला जाणं, सगळं. यांना वेणी घालता यायची नाही, म्हणून आमची लेक केसांना नुसता पट्टा लावून शाळेत जायची, आणि मी तिकडे बघायचंसुद्धा नाही असं ठरवलं होतं. तूही ठरव. उलटा शर्ट घातला, मोजे दोन रंगांचे निघाले, तरी तोंड उघडायचं नाही. आज ती लेक स्वतः आई झालीय आणि बाबांबरोबरच्या गाडीतल्या गप्पा अजून सांगते. रात्री साडेनऊला कुणी कुणाशी काय खेळलं, हे आमच्या घरात कुणालाही आठवत नाही.

तर दिवे आठला बंद व्हायला हवेत. आठ ते पावणेसात म्हणजे पावणेअकरा तास, वर दुपारची झोप. दोघांचंही भागतं. पण हे उद्यापासून करायला जाऊ नकोस. साडेदहाला झोपणारं मूल एकदम आठला अंथरुणात घातलंस तर ते छताकडे बघत बसेल आणि तू मला शिव्या देशील. दर दोन-तीन दिवसांनी पाव तास अलीकडे ये. साधारण महिना जाईल, जाऊ दे. उठायची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून एकच, शनिवार-रविवारीसुद्धा. सुट्टीच्या दिवशी नऊपर्यंत लोळू दिलंस की सोमवारी पहिले पाढे पंचावन्न. उठल्या उठल्या पडदे उघड, जमलं तर पाच मिनिटं बाहेर काढ. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं. पाळणाघरातल्या बाईंना सांग की मुलीची दुपारची झोप तीनच्या पुढे जाऊ देऊ नका. धाकट्याच्या दुपारच्या झोपेला हात लावायचा नाही.

सहाला दार उघडतेस ना? साडेसहाला मुलांची ताटं. "आम्ही सगळे एकत्रच जेवतो" हे सुट्टीच्या दिवशी. साडेआठला मूल चावायलासुद्धा दमलेलं असतं, म्हणून खात नाही, आणि मग पोरगी वाळते. अर्ध्या तासात स्वयंपाक कसा करू, असं म्हणशील. तो आदल्या रात्री करायचा, आठनंतर, आणि तेव्हा नवरा घरी आलेला असतो. त्यालाही दोन हात आहेत. मग कोमट पाण्याने अंघोळ, त्यानंतर अंग हळूहळू निवतं आणि झोप यायला मदत होते. मग दात, दोन पुस्तकं, अंधार. क्रम रोज तोच, अगदी पाहुणे आले तरी. तुमच्याकडे उन्हाळ्यात उशिरापर्यंत उजेड असतो, तेव्हा जाड गडद पडदे घे. नवीन सोफ्याचा विचार चाललाय असं लिहिलंयस, त्याआधी पडदे.

मैत्रिणीने सुचवलेल्या त्या मेलाटोनिनच्या गोड गोळ्यांचं मात्र नाव काढू नकोस. अमेरिकेत त्या दुकानात पुरवणी आहार म्हणून सर्रास मिळतात, ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, यावरून काय ते समज. पुरवणी म्हणून विकलेल्या वस्तूची औषधासारखी तपासणी होत नाही. डबीवर लिहिलेलं प्रमाण आणि आत निघालेलं प्रमाण यांत मोठी तफावत सापडलेली आहे. बालरोगतज्ज्ञांनी मुलाला तपासून दिल्या तर गोष्ट वेगळी.

आणि डॉक्टरांकडे जायचंच आहे, दुसऱ्या कारणासाठी. "बाबांसारखी घोरते, आम्हाला हसू येतं" असं तू लिहिलंयस. मला हसू आलं नाही. चार वर्षांचं मूल सर्दी नसताना रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर टॉन्सिल किंवा नाकामागच्या अॅडेनॉइड नावाच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. तसं असेल तर श्वास अडतो आणि अंथरुणात कितीही तास पडून राहिली तरी झोप पुरी होत नाही. रात्री ती झोपली की मोबाइलवर मिनिटभर तिचा आवाज आणि छातीची हालचाल टिपून घे आणि डॉक्टरांना दाखव. श्वास मधेच थांबून मग दचकल्यासारखी धाप घेत असेल, तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नकोस.

बाकीचं पटापट.

सासूबाईंचा फोन रात्री येतो कारण तेव्हा त्यांची सकाळ असते. तो तुमच्या सकाळी घ्या, तेव्हा त्यांची संध्याकाळ असते, त्याही निवांत असतात. सकाळ कुणाची ठरली? नवऱ्याची. मग आईशी तोच बोलेल. उंटावरून शेळ्या हाकायच्याच असतील, तर त्या त्याने ऐकाव्यात.

मराठीचं एवढं मनावर घेऊ नकोस. ती मराठीत विचारलेलं समजून उत्तर देते म्हणजे निम्मं काम झालेलं आहे. रात्रीची दोन्ही पुस्तकं मराठीत वाच आणि दिवसा "मराठीत बोल, मराठीत बोल" म्हणून तिच्या मागे लागू नकोस.

"मी कमी पडतेय का?" तू साडेबाराला झोपतेस आणि सव्वासहाला उठतेस. मोठ्या माणसाला सात तास तरी लागतात. पोरं आठला झोपली की तुला अकराला झोपता येईल. महिनाभर तशी झोप, मग हा प्रश्न अजून उरला असेल तर पुन्हा लिही. तोवर मी त्याचं उत्तर देत नाही.

कपड्यांच्या घड्या न घालता दोन टोपल्यांत टाक, एक मुलीची, एक मुलाची. चार वर्षांच्या मुलीला आपल्या टोपलीतून आपला शर्ट काढता येतो. आणि दीड वर्षाच्या पोराच्या कपड्यांना तू इस्त्री करतेस, हे वाचून मी कपाळावर हात मारला. ते आजपासून बंद.