चैत्रात धबधबा बघायचाय, पण पाणी असेल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. जावेच्या मोबाईलमधे राधानगरीजवळच्या राऊतवाडीच्या धबधब्याचे फोटो बघितले आणि तेव्हापासून मुलं मागं लागलीत. पाडव्यानंतरच्या रविवारी जायचं म्हणतोय. आम्ही दोघं, 7 आणि 11 वर्षांची मुलं आणि सासूबाई, त्या 64 वर्षांच्या आहेत पण रोज रंकाळ्याला फिरतात. थोडं चालणं, एक धबधबा आणि जमलं तर तळ्याकाठी जेवण, एवढंच पाहिजे, संध्याकाळी घरी परत. जमेल का?
(एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : जमेल, पण राऊतवाडीला नको. आधी जाऊबाईंना विचारा ते फोटो कुठल्या महिन्यातले, जुलै-ऑगस्टमधलेच असणार. चैत्रात तिथं गेलात तर कोरडा कातळ बघायला मिळेल आणि मुलं गाडीतनं उतरल्या उतरल्या तोंड पाडून बसतील. दरवर्षी या दिवसांत मला अशी चार-पाच तरी पत्रं येतात म्हणून जरा नीट सांगते.

आपल्याकडचे बहुतेक धबधबे पावसाळी. वर एक सडा, म्हणजे खडकाळ पठार असतं, त्यावर पडलेला पाऊस कड्यावरनं खाली येतो आणि तोच आपला धबधबा, त्याच्या मागं नदी वगैरे काही नसते. पाऊस संपला की सडा निथळतो, दिवाळीनंतर धार बारीक होत जाते आणि संक्रांतीच्या पुढं खडकावर नुसता काळा ओघळ राहतो. म्हणून वसंतात धबधबा बघायचा तर कड्यावरचा नाही, नदीवरचा शोधायचा, जिच्या मागं मोठं खोरं आहे अशी नदी.

तुमच्यासाठी मी आजऱ्याचं रामतीर्थ सुचवेन. हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते, महाराष्ट्रात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या जागांपैकी आंबोली एक, त्यामुळं या नदीला कड्यावरच्या ओहोळांपेक्षा पुष्कळ जास्त दिवस पाणी राहतं. रामतीर्थाला नदी रुंद काळ्या कातळावरनं उतरते, उंची फार नाही, काठाला रामाचं देऊळ आहे, राम वनवासात इथं राहिला अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. पावसाळ्यात तिथं पाण्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, चैत्रात मात्र पाणी चार-पाच धारांत वाटलं जातं आणि मधला सगळा कातळ उघडा पडतो, मला स्वतःला हेच रूप जास्त आवडतं कारण नदीनं दगड कसा कोरलाय ते तेव्हाच दिसतं. तरी निघायच्या आदल्या दिवशी आजऱ्यातल्या कुणाला तरी फोन करून पाणी किती आहे ते विचारून घ्या, एखाद्या वर्षी पाऊस लवकर थांबला की फरक पडतो.

आता चालायचं. गाडी थेट देवळापाशी नेऊ नका. आजरा गावातनं रामतीर्थ जेमतेम दोन-तीन किलोमीटर आहे, गाडी गावात लावा आणि चालत जा, जाऊन-येऊन मुलांना आणि सासूबाईंना झेपेल एवढंच होतं. कोल्हापुरातनं कागल, निपाणी, उत्तूर करत आजऱ्याला दोन-सव्वादोन तास धरा. सहाला घर सोडलंत तर साडेआठला चालायला लागाल, आणि ही वेळ मी मुद्दाम सांगतेय, दहानंतर ऊन डोक्यावर आलं की तोच कातळ तव्यासारखा तापतो, मुलं अनवाणी पाय टाकतात आणि रडारड सुरू होते.

पायात काय घालायचं, तर रबरी तळव्याचे, मागनं पट्टा असलेले सँडल किंवा बूट. आपली कोल्हापुरी चप्पल मला जिवाभावाची आहे, पण चामड्याचा तळ ओल्या गुळगुळीत कातळावर अजिबात धरत नाही, सासूबाईंना तर मुळीच घालू देऊ नका. आणि पाण्यात उतरायचं ते घोट्यापर्यंत, जिथं तळाचे खडे दिसतात तिथंच. धार पडते तिथल्या डोहाचा अंदाज काठावरनं कुणालाच येत नाही, पाणी संथ दिसतं म्हणून उथळ असतं असं नाही. दुसरं असं की या खोऱ्यात धरणं आहेत, बंधारे आहेत, शेतीसाठी पाणी सोडलं की नदी बिनपावसाची चढते, तेव्हा डबे-पिशव्या नदीपात्रातल्या खडकावर मांडू नका, देवळाच्या बाजूला वर ठेवा.

तळ्याकाठी जेवण म्हणालात, तर आजरा तालुक्यातच चित्रीचं धरण आहे. रामतीर्थ बघून झालं की तिकडं वळा, काठापासून जरा वर सावली बघून बसा. डब्यात दशम्या, खर्डा, कांदा, सुकी बटाट्याची भाजी एवढं पुरे, दही नेऊ नका, आंबतं. माणशी दोन लिटर पाणी घरनंच न्या आणि एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर घातलेलं ठेवा.

आणि तीन वाजता निघा म्हणजे निघाच. चैत्र-वैशाखात दुपारनंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही, अर्ध्या तासात आभाळ काळं होतं, विजा कडाडतात, आणि अशा वेळी उघड्या काठावर किंवा एकट्या झाडाखाली थांबणं फार वाईट. शिवाय आजरा भागात हत्तींचा वावर आहे. तिथली माणसं त्याला टस्कर म्हणतात. गावात चहा घेताना एवढं विचारा की सध्या टस्कर कुठल्या बाजूला आहे, ती माणसं बरोबर सांगतात, आणि नको म्हणाली तर त्या वाटेला जाऊ नका. दिवस कलला की पाणी जनावरांचं असतं. आपल्याला घरी नळ आहे, त्यांना तेवढाच काठ आहे.

एक राहिलंच, चैत्र पौर्णिमेच्या आसपास जाऊ नका, जोतिबाच्या यात्रेमुळं कोल्हापुरात यायला-जायला गर्दी असते, दोन तासांचे चार होतात.

प्रश्न : राधानगरीच्या धरणात शाहू महाराजांचा बेनझर व्हिला, तो जुना बंगला, आहे ना, आता पाणी खाली गेलंय तर गाळातनं चालत तिथपर्यंत जाता येईल असं मित्र म्हणतोय. आम्ही पाच जण आहोत, सगळे पोहणारे. जावं का?
(एक वाचक, कागल)

उत्तर : नको रे बाबा. पोहणं येतं याचा इथं काही उपयोग नाही, कारण भीती पाण्याची नाहीच, गाळाची आहे.

मी स्वतः यातनं गेलेय म्हणून एवढं कळकळीनं लिहितेय. एका धरणाच्या बॅकवॉटरला, एप्रिलमधे, पाणी पन्नासेक पावलांवर होतं आणि मधली जमीन वाळून पापडासारखी तडकलेली, वर बगळ्यांच्या पायाचे ठसे, मला वाटलं घट्ट आहे. दहा पावलं बरोबर गेले, अकराव्याला उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. वरचा थर चार बोटं सुकलेला आणि खाली मळलेल्या कणकेसारखा काळा चिखल. पाय ओढायला गेले तर डावा रुतायला लागला. मैत्रीण शहाणी, ती पळत जवळ आली नाही, काठावर आडवी झाली आणि ओढणी टाकली. मी मागं रेलून पाठीवर वजन घेतलं, पाय थोडा थोडा हलवत सैल केला तेव्हा सुटला. बूट तिथंच राहिला. सगळं मिळून वीस मिनिटं गेली असतील, पण त्या वीस मिनिटांत आमच्या दोघींच्या तोंडातनं शब्द फुटला नाही.

तेव्हा उन्हाळ्यात तलावाकाठी चालायचं तर दगड, मुरूम किंवा जुनं गवत असेल तिथनंच. राखाडी, तडकलेली, सपाट जमीन दिसली की तिथं पाय टाकायचा नाही, कितीही घट्ट दिसू दे.

आणि राधानगरीला जायचं तर काठावर उभं राहून बघण्यासारखं खूप आहे. महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोगावतीवर हे धरण बांधायला घेतलं, पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर, आज त्यात 8.36 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि पावसाळ्यात त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपले आपण उघडतात. दुष्काळात रयतेची शेती भिजावी म्हणून एका राजानं केलेलं हे काम आहे, तिथं उभं राहिलं की माझा ऊर भरून येतो. व्हिला लांबूनच बघा, एखादी दुर्बीण न्या.

पलीकडं सगळं अभयारण्य आहे, 1958 साली दाजीपूरला गव्यांसाठी जाहीर झालं, आता 351 चौरस किलोमीटर, आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात राधानगरी आहे. आत जायचं तर वनखात्याची परवानगी आणि गाईड घेऊनच. वाटेत गवा दिसला तर थांबा, मोबाईल पुढं करून जवळ जाऊ नका. पांढरे मोजे घातल्यासारखे त्याचे पाय, संथ चाल, बघणाऱ्याला वाटतं गरीब आहे, पण पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास भरतो आणि एकटा असेल तर जास्तच जपायचं. त्याला वाट मोकळी ठेवून आल्या पावली मागं या.

प्रश्न : ताई, आम्ही आजऱ्याला जाणार आहोत, नातवंडं बरोबर आहेत. धबधब्याशिवाय मुलांना काय दाखवू?
(एक आजी, गारगोटी)

उत्तर : आजी, तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्हीच मला सांगाल. तरी लिहिते. वाटेवर काजूच्या बागा लागतील, लाल-पिवळी बोंडं लोंबत असतील. मुलांना दाखवा की बी बोंडाच्या आत नसते, खाली बाहेर लटकते. पण कच्ची बी दातानं फोडू देऊ नका, टरफलातल्या तेलानं ओठ भाजतात, फोड येतात. बोंड खायचं तर बागवाल्याला विचारून, तो देतोच. परत येताना आजऱ्यातनं घनसाळ तांदूळ घ्या, त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, शिजताना वास शेजारपर्यंत जातो.

कुसुंबाची पालवी बघा, कोवळी असते तोवर लालभडक, लांबनं फुलांनी डवरल्यासारखं वाटतं. करवंदीला पांढरी फुलं असतील. आणि अंजनी मात्र शोधाच. झुडपासारखं झाड, पानं जाड, चकचकीत. एरवी कुणाचं लक्ष जात नाही, पण या दिवसांत फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात, थेट लाकडातनंच उगवल्यासारखे. एकेक फूल अगदी बारीक. नातवाला उचलून फांदीपाशी न्या, मधमाश्या असतील तर हात लावू नका, नुसतं बघू दे. बहर थोड्याच दिवसांचा असतो, झाडाखाली निळा सडा पडलेला दिसला तर वर बघा, चार झुबके तरी अजून राहिले असतील.