वाचनाची पायरी आणि मुलाचे वय

प्रश्न : मी करवीर तालुक्यातील एका शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. काही मुले गोष्ट घडाघड वाचतात, तर काही अजून जोडाक्षरांपाशी अडतात. गुऱ्हाळावर मुलांसाठी पुस्तक लिहावे असे मनात आहे. एकच पुस्तक सर्वांना पुरेल का?
– एक शिक्षिका

उत्तर : मजकूर एकच पुरणार नाही, विषय मात्र एकच ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. मुलांची पुस्तके काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने आपल्या पुस्तकांच्या चार पातळ्या केल्या आहेत : पहिल्या पातळीचे पुस्तक साधारण २५० शब्दांच्या आत, दुसरीचे ६०० पर्यंत, तिसरीचे १५०० पर्यंत आणि चौथीचे त्याहून मोठे. हे आकडे उपयोगी आहेत, परंतु मराठीत शब्दसंख्येइतकेच अक्षरांकडेही पाहावे लागते.

‘जाळ लागला. रस उकळला. वर मळी आली. काकांनी मळी काढली.’ यात एकही जोडाक्षर नाही (मळी म्हणजे उकळत्या रसावर येणारा मळ), तरीही काम पुढे सरकते. पुढच्या पायरीवर हेच ‘रस उकळू लागला तशी मळी वर आली आणि गुळव्याने ती काढून टाकली’ असे एका वाक्यात येईल. त्याहून वरच्या पायरीवर चुलवाणातला, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीतला, जाळ केव्हा कमी करायचा आणि का, ही कारणेही सांगता येतील. गर्दी, चक्र, ट्रक यांतली ‘र’ची निरनिराळी रूपे मात्र सुरुवातीला एकाच पानावर आणू नयेत. ‘गुऱ्हाळ’ या शब्दाची धास्ती बाळगू नका. तो आपल्याकडच्या मुलांच्या कानावरचा आहे आणि शेजारी चित्र असले की मुले तो अखंड ओळखतात.

अधिक जपायचे ते मुलाच्या वयाला. आठ वर्षांचे मूल अडखळत वाचते म्हणून त्याला चार वर्षांच्या मुलाची गोष्ट दिली, तर आपण मागे आहोत हे त्याला साऱ्या वर्गादेखत कळते. तेच मूल कदाचित रात्री काहिलीपाशी, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या कढईपाशी, बसून गूळ होताना पाहून आलेले असते आणि त्या कामाची त्याची जाण पहिल्या क्रमांकाच्या मुलापेक्षा पक्की असते. त्याच्या पुस्तकातही पेच, चूक, भीती, कसब हे सारे हवे. फक्त वाक्ये आखूड असावीत. पातळीचा आकडाही मुखपृष्ठावर ठळक छापू नये.

कच्चा मजकूर मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. जिथे दोघेतिघे अडतात ते वाक्य तोडा आणि जिथे मुले अक्षरे सोडून चित्रावरून अंदाज बांधतात, तिथले चित्र पुढच्या पानावर न्या.