नऊ दिवस उशिरा भरलेली जखम

प्रश्न : सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे आणि चार वर्षे त्यांचे सगळे मीच करते. महिन्यापूर्वी विळीवर बोट कापले, ते अजून नीट भरलेले नाही. साखर नॉर्मल आहे. घरचे म्हणतात, मनाला लावून घेतेस म्हणून असे होते. यात तथ्य आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तथ्य आहे, मात्र घरच्यांना अभिप्रेत असलेल्या अर्थाने नव्हे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांचे पती, विषाणुतज्ज्ञ रोनाल्ड ग्लेसर यांनी सहकाऱ्यांसह १९९५ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि वय व उत्पन्न साधारण तेवढेच, पण असा भार नसलेल्या १३ स्त्रिया त्यांनी निवडल्या आणि प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली. ती भरली की नाही हे छायाचित्रांवरून आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लावून पाहिले जाई. फेस यायचा थांबला की जखम भरली असे धरायचे. भार नसलेल्या स्त्रियांना त्यासाठी सरासरी ३९.३ दिवस लागले, तर शुश्रूषा करणाऱ्यांना ४८.७. जखम भरण्याच्या सुरुवातीला पेशींना कामाला लावणारे इंटरल्युकिन-१ बीटा हे प्रथिन तयार करण्याची त्यांच्या रक्तपेशींची क्षमताही कमी आढळली.

संख्या लहान होती, हे खरे. पण त्याच गटाने पुढे दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या तोंडातील टाळूवर एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर बारीक जखमा केल्या, तेव्हा परीक्षेच्या काळातील जखम भरायला सरासरी तीन दिवस अधिक लागले. तेव्हा हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही, अंगावरच्या कामाचा परिणाम असू शकतो. तरीही महिनाभर न भरलेली जखम आधी डॉक्टरांना दाखवा. ताणाचे निमित्त करून तपासणी टाळू नये. आणि घरच्यांकडे ‘मदत’ मागू नका, मोघम मागितलेली मदत कोणीच देत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते पाच आईंजवळ कोण बसणार, एवढेच विचारा.

प्रश्न : यजमान निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरी असतात आणि गॅस बारीक करण्यावरूनही वाद होतो. याने तब्येत बिघडते का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : वाद होतो यापेक्षा तो कसा होतो, हे महत्त्वाचे. वर उल्लेख केलेल्या संशोधकांनीच २००५ मध्ये ४२ जोडप्यांना दोन वेळा चोवीस तास रुग्णालयात ठेवून घेतले. हातावर बारीक फोड उठवून त्यांनी जोडप्यांना एका खेपेस एकमेकांना आधार देणारे बोलायला आणि दुसऱ्या खेपेस मतभेदाच्या विषयावर बोलायला सांगितले. मतभेदाच्या खेपेनंतर जखमा सावकाश भरल्या. दोन्ही खेपांना ज्यांच्या बोलण्यात टोमणे, हेटाळणी आणि कडवटपणा अधिक होता, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या ६० टक्केच होता. तेव्हा ‘गॅस बारीक कर’ हे चालेल. ‘तीस वर्षांत तुला एवढेही कळले नाही’ हे मात्र बोलण्यातून वगळायला हवे. (हे वाक्य दोघांपैकी कोण उच्चारते, ते पत्रात नाही.)

प्रश्न : ‘आता आपले काय राहिले’ असे म्हणत राहिल्याने आयुष्य कमी होते का?

उत्तर : येल विद्यापीठातील बेका लेव्ही यांच्या २००२ च्या अभ्यासात, ओहायोतील एका गावातल्या पन्नाशीपुढच्या ६६० जणांपैकी स्वतःच्या वार्धक्याकडे चांगल्या नजरेने पाहणारे सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले. आरोग्य, उत्पन्न आणि एकटेपणा यांचा हिशेब घेऊनही फरक टिकला. तरी हा संबंध आहे, कारण सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत. लग्नाकार्याला जात नाहीत, फक्त दोन जुन्या मित्रांना भेटतात. काळजी करावी का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : एवढ्यावरून नको. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांच्या मांडणीनुसार, पुढचा काळ थोडा आहे असे वाटू लागले की माणूस ओळखी आपणहून कमी करतो आणि जवळची माणसे राखतो. त्या दोन मित्रांची भेट मात्र चुकू देऊ नका. पावसाळ्यात त्यांना रिक्षाने नेऊन सोडावे लागले तरी चालेल. तीही भेट नकोशी झाली, जेवण कमी झाले किंवा झोप उडाली, तर मात्र डॉक्टरांकडे न्यावे.